माळ पडीक कधी झाला?

भाद्रपद लागला की आमच्या बीडच्या मित्रमंडळींत एक विषय निघतोच. यंदा कासला जायचं का? मग गाडी कुणाची, मुक्काम साताऱ्यात करायचा की कुठं, ऑनलाइन बुकिंग मिळतंय का, यावर दोन दिवस चर्चा. इथून कास जवळपास तीनशे किलोमीटर. जाऊन-येऊन दोन दिवस, डिझेल, जेवणखाण, लॉज. निम्मे लोक ऐनवेळी गळतात आणि बेत पुढच्या वर्षावर जातो.

मी म्हणतो, एक रविवार काढा आणि पाटोद्याकडच्या माळावर जाऊन या. लोक हसतात. "पाटोद्याला काय बघायचं? नुसता पडीक माळ."

या 'पडीक' शब्दावर आज लिहायचंय. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

आधी कासचं सांगतो, कारण तुलना होणारच. कासचं पठार २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांपैकी एक म्हणून. तिथं पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. आपल्या जिल्ह्याची सरासरी सहाशे-सातशेच्या दरम्यान, आणि ती तरी दर वर्षी कुठं गाठली जाते. पण खालचा खडक दोन्हीकडं एकच आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा बेसाल्ट. तिकडं त्यावर जांभ्याचा थर आहे, आपल्याकडं मुरूम. वर माती जेमतेम वीतभर. एवढ्या मातीत मोठं झाड जोर धरत नाही. तिथं जगतात ती चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळी होणारी रोपं, गवतं, आणि खडकाच्या फटीत मूळ घालून बसलेली चिवट झुडपं. कासला ती गालिच्यासारखी दिसतात. आपल्याकडं विखुरलेली असतात. आपल्या माळावर फुलं बघायची तर गाडीतून उतरावं लागतं आणि थोडं वाकावं लागतं, एवढाच फरक.

मागं एका भाद्रपदात महालक्ष्म्या झाल्यावरच्या रविवारी आम्ही घरचे चौघं असे निघालो होतो. मी, बायको, आठवीतली लेक आणि आई. डब्यात धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी. मांजरसुंब्याचा घाट चढून वर आलं की बालाघाटाचं पठार लागतं. 'बाला' म्हणजे फारसीत वरचं. घाटावरचा मुलूख तो बालाघाट. पाटोद्याच्या रस्त्याला नायगावचं मयूर अभयारण्य आहे. १९९४ मध्ये जाहीर झालेलं, सुमारे ३० चौरस किलोमीटरचं. त्याच रस्त्यानं पुढं जामखेडच्या हद्दीजवळ सौताडा, विंचरणा नदीचा धबधबा आणि खाली दरीत रामेश्वराचं देऊळ. लोक सौताड्याला जातात, धबधब्यापुढं फोटो काढतात आणि परत येतात. मधल्या माळावर कुणी थांबत नाही.

आम्ही थांबलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गावाचं गायरान होतं ते. लांबून नुसतं हिरवट-पिवळं दिसत होतं. आत शिरल्यावर एक एक दिसायला लागलं. कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे. शर्टाच्या गुंडीपेक्षा लहान निळी विष्णुक्रांता, जमिनीलगत. केन्याची निळी फुलं, दुपार झाली की मिटणारी. पायाला टोचला म्हणून खाली बघितलं तर सराटा, त्यालाही पिवळं फूल. बांधावरच्या काटेरी झुडपात चढलेली कळलावी, लाल-पिवळ्या पाकळ्या वर उलटलेल्या. आणि सगळीकडं तरवड, पिवळाधमक.

लेकीनं मोबाइल काढला. फुलावर धरला की नाव सांगतो तो. नाव इंग्रजीत यायचं, खाली लॅटिन. आई तिच्यामागं चालत होती. तिला नावं वेगळ्या तऱ्हेनं माहीत. कुरडू दिसला की म्हणाली, "आता जून झाला गं. आषाढात आली असतीस तर भाजी केली असती." केना म्हणजे महालक्ष्म्यांच्या पूजेला आघाड्याबरोबर लागतो तो. कळलावी दिसली तर "हात लावू नको, कंद विषारी असतो." तरवडाशी मात्र ती जरा जास्त वेळ थांबली. "घटाला माळ हिचीच. बहात्तरला पाऊस नव्हता, काहीच नव्हतं, पण तरवड होता."

७२ साली आई चौदा-पंधरा वर्षांची होती. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची भाकर आणि सरकारी सुकडी हे त्या पिढीच्या तोंडून तुम्हीही ऐकलं असेल. त्या साऱ्या वर्षात माळावर जे काही खाण्यासारखं उगवलं, तरोटा, कुरडू, तांदुळजा, घोळ, ते लोकांनी खुडून खाल्लं. आज आपण ज्याला रानफूल म्हणून झूम करून बघतो, त्यातलं अर्धं आपल्याच घरच्या ताटात होतं, आणि फार जुनी गोष्ट नाही ही.

तेवढ्यात चार शेळ्या घेऊन एक बाबा आले. सत्तरीच्या पुढचे.

"काय हुडकायलात?"

"काही नाही बाबा, फुलं बघायला आलोत."

"फुलं? बीडहून?" त्यांना खरंच वाटेना. मग आईकडं बघून म्हणाले, "मावशे, तुला तरी ठाऊक असंल की, हे रोजचंच हाय."

बोलता बोलता मी पेपरात आहे हे कळलं. त्यांचा सूर बदलला. "मग ते मोजणीचं बघा की साहेब. मागच्या महिन्यात मशीन घेऊन आले होते. सोलार का काय म्हणतेत." त्या गायरानात दोन एकर त्यांच्या बापानं काढलेली आहे. दगड वेचून, बांध घालून. आज त्यात तूर आणि बाजरी उभी होती. कुटुंब दलित, दुसरी जमीन नाही. सातबाऱ्यावर नाव नाही. "बापाच्या नावच्या दंडाच्या पावत्या हायेत माझ्याकडं," म्हणाले. अतिक्रमण केलं म्हणून सरकारनं केलेल्या दंडाच्या पावत्या त्या माणसानं पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्यात, कारण आपण इथं होतो याचा तेवढाच पुरावा त्याच्याकडं आहे.

आमची फुलांची सहल इथं बदलली. लेक विचारायला लागली, की जमीन सरकारची म्हणजे कुणाची? आणि हे सगळं इतकं चांगलं दिसत असताना कागदावर पडीक कसं?

त्याचं उत्तर शोधायला जरा मागं जावं लागतं.

पडीक हा मुळात महसुलाचा शब्द आहे. ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पडीक. जमीन पिकत नाही, असा त्याचा अर्थ होतोच असं नाही. तिच्यातून सरकारच्या तिजोरीत काही येत नाही, एवढाच. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. सालारजंगांच्या काळात, १८६५ साली जिल्हाबंदी झाली, नंतर मराठवाड्यात जमिनीची मोजणी आणि प्रतबंदी झाली. १३१७ फसलीचा हैदराबाद जमीन महसूल कायदा तर आपल्या जुन्या जाणत्या तलाठ्यांना तोंडपाठ असायचा. मोजणीत काळी जमीन वेगळी, हलकी वेगळी, आणि जे राहिलं ते पोटखराब, गायरान, सरकारी पडीक. पुढं आपण महाराष्ट्रात आलो, १९६६ ची जमीन महसूल संहिता लागू झाली. तिच्यात गावच्या जनावरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवायची तरतूद आहे. पण रकान्यांची सवय तीच राहिली. त्यानंतर उपग्रहाचे नकाशे आले. केंद्र सरकारनं देशभरातल्या 'वेस्टलँड'चे ॲटलास काढले, त्यात झुडपी माळ आणि चराऊ कुरणं हे पडीक जमिनीचेच प्रकार धरलेत. घोड्यावरून आलेल्या मोजणीदारानं जे लिहिलं तेच उपग्रहानं वरून लिहिलं.

आता हा माळ खरोखर रिकामा पडून होता का, ते बघू.

अंबाजोगाईला निजामाच्या काळात मोमिनाबाद म्हणत आणि तिथं हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. घोडदळ म्हणजे शेकडो घोडी, आणि घोड्याला रोज गवत लागतं. ते काळ्या रानात पिकत नाही, माळावरून कापून आणावं लागतं. धनगरांची मेंढरं पावसाळ्यात याच माळावर. ज्याला आपण पडीक म्हणतो त्यावर फौजेचे घोडे आणि आपल्या अंगावरचं घोंगडं दोन्ही पोसलं गेलं.

तरवडाची गोष्ट तर फार लांब जाते. तरवडाच्या सालीत टॅनिन असतं, त्यानं कातडं कमावतात. आपल्याकडचे ढोर समाजाचे कारागीर बाभळीची साल, हिरडा आणि तरवड वापरून चामडं कमवायचे. शेतकऱ्याची मोट, बैलाचे पट्टे, पायातली वहाण, सगळं त्यातून व्हायचं. मोटेशिवाय विहिरीचं पाणी वर येत नव्हतं, म्हणजे बागायती शेतीला लागणारं चामडं कोरडवाहू माळावरच्या झुडपावर अवलंबून होतं. दक्षिणेत, मद्रासकडं, याच झुडपाला आवारम म्हणतात. तिथल्या कारखान्यांत त्याच्या सालीवर कमावलेलं कातडं पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या बुटांच्या वरच्या भागासाठी गेलं. युरोपातल्या खंदकांच्या चिखलात उभ्या असलेल्या शिपायाच्या पायात दख्खनच्या माळावरचं झुडूप होतं म्हणा ना. पुढं दक्षिण आफ्रिकेतून वॅटल नावाच्या झाडाची साल आली, क्रोमनं कातडं कमवायची पद्धत आली, आणि तरवडाचा बाजार उठला. झाड तेच राहिलं. त्याचा भाव गेला आणि ते 'काही कामाचं नाही' झालं.

तरवडाला जनावर सहसा तोंड लावत नाही. म्हणून चरून चरून उघड्या झालेल्या माळावरही तो टिकतो, मुरूम धरून ठेवतो. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात काय पाऊस झाला ते आपण सगळ्यांनी भोगलंय. शेतंच्या शेतं खरवडून गेली. ज्या चढावर गवत आणि झुडपं शाबूत होती तिथली माती किती वाहिली आणि नांगरलेल्या चढावरची किती, हे ज्याच्या त्याच्या शिवारात जाऊन बघावं.

आता त्याच फुलाचं दुसरं नशीब बघा. हैदराबाद संस्थानात आपण मराठवाडी आणि तेलंगणवाले एकाच राज्यात होतो. १७ सप्टेंबर १९४८ ला एकदमच मोकळे झालो. १९५६ ला वाटा वेगळ्या झाल्या, आपण मुंबई राज्यात आलो, ते आंध्रात गेले. तेलंगणात नवरात्राच्या दिवसांत बतुकम्मा नावाचा सण असतो. बायका रानफुलांचा थरावर थर रचून मनोरा करतात आणि त्याभोवती फेर धरतात. त्यात मुख्य फुलं दोन, तंगेडू आणि गुनुगु. तंगेडू म्हणजे आपला तरवड. गुनुगु म्हणजे आपला कुरडू. २०१४ मध्ये तेलंगण वेगळं राज्य झालं, त्यांनी बतुकम्माला राज्याचा सण केलं आणि तंगेडूला राज्यफूल. एकाच निजामाची रयत असलेल्या दोन मुलखांतलं एकच झुडूप. तिकडं सरकारी मानाचं, इकडं गायरानातलं झुडूप, जेसीबीनं पहिल्यांदा उपटायचं.

आपल्याकडं मान नव्हता असंही नाही. घटाला तरवडाची आणि कारळ्याची माळ घालायची रीत आपल्या आयाबायांनी चालवलीच की. योगेश्वरीच्या अंबाजोगाईपासून खेड्यातल्या देवघरापर्यंत. पण ती रीत घरातल्या बायकांकडं राहिली, कागदावर कधी आली नाही.

कागदावर न येण्याचं आणखी एक कारण आहे, ते मला फार उशिरा लक्षात आलं आणि मोठं गमतीचं वाटलं. इंग्रजांच्या काळात झाडाझुडपांची शास्त्रशुद्ध पुस्तकं तयार झाली. थिओडोर कुक यांचं मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचं पुस्तक १९०१ ते १९०८ दरम्यान आलं. तिकडं मद्रास इलाख्याचं काम गॅम्बल यांनी १९१५ पासून सुरू केलं. सातारा मुंबई इलाख्यात, म्हणून कासचा मुलूख कुक यांच्या कक्षेत. बीड निजामाच्या राज्यात, म्हणजे ना मुंबईच्या पुस्तकात ना मद्रासच्या. सरहद्दीपलीकडं जामखेडच्या माळावरचं फूल मोजायच्या हद्दीत आणि अलीकडं पाटोद्याच्या माळावरचं तेच फूल हद्दीबाहेर. फुलांना काही सरहद्द कळत नाही, पण पुस्तकाला कळते. मराठवाड्याच्या वनस्पतींचं सविस्तर पुस्तक व्हायला १९९८ साल उजाडलं. औरंगाबादच्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. वसंत नाईक यांनी ते दोन खंडांत केलं. त्याआधी १९७९ मध्ये त्यांनी उस्मानाबाद जिल्ह्याच्या वनस्पतींवर पुस्तक केलं होतं. विद्यापीठ १९५८ ला निघालं, म्हणून हे होऊ शकलं. जिल्ह्यातल्या किती शाळांच्या ग्रंथालयात हे खंड असतील, प्रत्येकानं आपापल्या शाळेत विचारून बघावं.

आता त्या बाबांच्या दोन एकरांकडं येतो, कारण फुलांवर प्रेम करणारे आपण लोक इथं गडबडतो.

गायरानं वाचवा म्हटलं की पहिला बोट दाखवला जातो तो अतिक्रमण केलेल्या भूमिहीनावर. पण तो तिथं का आला? गावच्या वाटणीत त्याला जमीनच मिळाली नव्हती. डॉ. आंबेडकरांच्या प्रेरणेनं मराठवाड्यात पन्नासच्या दशकात पडीक आणि गायरान जमिनी भूमिहीनांना मिळाव्यात म्हणून लढा सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ चा आणि नंतर १९६४ चा देशव्यापी भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लाखो लोक तुरुंगात गेले. आपल्या जिल्ह्यात एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियानातून नव्वदीपासून गायरानाचाच प्रश्न धसास लावला. जिजा २०१५ मध्ये गेले, पण त्यांच्यामुळं ज्यांच्या पायाखाली जमीन आली ती घरं आजही आहेत. सरकारनंही १९७८ आणि १९९१ च्या निर्णयांनी ठरावीक तारखेपर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचं कबूल केलं. ज्यांची कागदपत्रं पुरी झाली त्यांना जमीन मिळाली, बाकीचे गाव नमुना एक-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीत, वर्षानुवर्षं पडून राहिले.

मग २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग खटल्यातला निकाल आला. गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा, असा. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी आदेशानं दिलेल्या जमिनींचा अपवाद म्हणून उल्लेख आहे, तो भाग फारसा कुणी वाचत नाही. २०२२ च्या अखेरीला उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर नोटिसा निघाल्या तेव्हा गावोगाव काय घबराट झाली ती बातमी म्हणून आम्ही दिली आहे.

आणि आता सौर प्रकल्प. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, २०२३ पासून, उपकेंद्राजवळच्या सरकारी जमिनी घेतल्या जातात, त्यात गायरानंही येतात. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हा हेतू आहे आणि तो चांगला आहे. रात्री बाराला मोटार चालू करायला जाऊन साप चावून गेलेल्या माणसांच्या बातम्या मी स्वतः लिहिल्यात, त्यामुळं दिवसाच्या विजेला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. पवनचक्क्यांचंही तेच. माझा प्रश्न साधा आहे. जागा निवडताना 'ही पडीक आहे' एवढ्या एका शब्दावर निवडली जाते का? तिथं कुणाची जनावरं चरतात, कुणाची तूर उभी आहे, काय उगवतं, पाणी कुठून वाहतं, हे कुणी बघतं का? फुलासाठी कुंपण घाला असंही मी म्हणत नाही. कासला जाळी मारली, चराई थांबली, तेव्हा फुलं कमी झाली म्हणून जाळी काढायची मागणी पुढं आलीच. गुरं चरली की उंच गवत मागं हटतं आणि खालच्या बुटक्या रोपांना ऊन मिळतं. त्या बाबांच्या चार शेळ्या आणि ती विष्णुक्रांता एकमेकांच्या वाईटावर नाहीत. माळ माणसांनी वापरला म्हणून टिकला.

वापराची भाषा मात्र आपली तुटत चालली आहे, आणि त्याला एक कारण आपल्या जिल्ह्याचंच आहे. फुलांचा बहर भाद्रपद-आश्विनात. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मागं म्हातारी माणसं आणि पोरं, नाहीतर पोरंही ट्रकात. पाटोदा, शिरूर, केज, धारूर, वडवणी, या डोंगरपट्ट्यातली गावंच्या गावं दिवाळीच्या आगेमागे मोकळी होतात. माळावर फूल असतं ते शेवटचे काही आठवडे घर भरलेलं असतं. या झुडपांची नावं आणि उपयोग ज्यांना पाठ आहेत त्या बायका पुढचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडात असतात. आजीकडून नातीकडं जायचं ते कोपीत कसं जाणार? फोनमधलं ॲप लॅटिन नाव सांगेल. आषाढात भाजी कर आणि भाद्रपदात सोडून दे, हे सांगणार नाही.

म्हणून दोन कामं सांगतो, दोन्ही करण्यासारखी आहेत.

पहिलं, जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. माधव गाडगीळांसारख्या माणसांनी ही कल्पना मांडली ती गावातल्या लोकांचं ज्ञान लोकांनीच लिहावं म्हणून. हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि मग घाईघाईनं नोंदवह्या झाल्या. मी बघितलेल्या काही वह्या एकीवरून दुसरी उतरवल्यासारख्या होत्या. आंबा, वड, पिंपळ, कडुलिंब, संपलं. एकीत तरवडाचं नावही नव्हतं. तुमच्या ग्रामपंचायतीत जा, ग्रामसेवकाला वही मागा, ती बघायचा तुम्हाला हक्क आहे. गायरानावर काय आहे ते त्यात नसेल तर ग्रामसभेत नोंद करायला लावा. गायरान कुणाला द्यायचं असा विषय उद्या ग्रामसभेत आला, तर बोलायला हातात कागद असेल. आणि त्याच वहीत तिथं कोण चारतं, कोण पिकवतं, कधीपासून, हेही लिहून घ्या. फुलाची नोंद आणि माणसाची नोंद एकाच कागदावर असू द्या, म्हणजे एकाच्या नावानं दुसऱ्याला उठवता येणार नाही.

दुसरं सोपं आहे. घरच्यांना घेऊन जा. कपिलधारकडं जा, धारूरच्या डोंगराकडं जा, पाटोद्याकडं जा. १७ सप्टेंबर २०२५ पासून बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुरू झाली, आष्टीच्या बाजूचा माळ आता डब्याच्या खिडकीतूनही दिसतो, आणि पहिली गाडी निघाली तो महिनाही नेमका फुलांचाच होता. गाडी माळावर घालू नका, फुलं ओंजळभर तोडू नका, कळलावीचा कंद उपटू नका. बरोबर घरातली सगळ्यात म्हातारी बाई न्या. मोबाइलनं नाव सांगितलं की तिला विचारा, तुम्ही याला काय म्हणायच्या आणि याचं काय करायच्या. ते लिहून ठेवा. माळावर कुणी भेटलं तर आधी राम राम घाला, जागा त्यांच्या वापरातली आहे.

आमच्या त्या बाबांच्या मोजणीचं पुढं काय झालं ते विचाराल. प्रकरण तहसीलला आहे, बातमी दिली, आणखी द्यावी लागेल. गावाचं नाव त्यासाठीच लिहिलं नाही, त्यांना उगाच त्रास नको.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी बीडच्या बाजारात तरवडाच्या आणि कारळ्याच्या माळा विकायला बायका बसतात. पहाटेच्या एसटीनं आलेल्या असतात. यंदा माळ घेताना भाव करायच्या आधी एक विचारा, मावशी, ही फुलं कुठल्या माळावरची? ती गावाचं नाव सांगेल. ते नाव खाली लिहा. आपल्या जिल्ह्यात फुलांचे माळ कुठं कुठं शिल्लक आहेत, त्याची यादी अजून कुणी केलेली माझ्या बघण्यात नाही. त्या बायकांना ती तोंडपाठ आहे, तिथूनच सुरुवात करू.